ढोलीत राहिलेला शब्द

एका डोंगरउतारावरच्या जंगलात, उघड्या कातळाच्या मधोमध उभ्या असलेल्या एका जुन्या बेहड्याच्या झाडावर, एक धनेश आणि त्याची धनेशीण राहत असत. धनेश म्हणजे तोच पक्षी, मुलांनो, ज्याची चोच मोठी आणि वाकडी असते, आणि जो डोक्यावरून उडत गेला की कोणीतरी धापा टाकत धावत गेल्यासारखे वाटते.

या पक्ष्यांची एक रीत आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते. मग ती आतून आणि नर बाहेरून, माती आणि फळांचा चिकट गर कालवून ढोलीचे तोंड लिंपून टाकतात. चोच जाईल एवढी एक उभी फट तेवढी ठेवतात. पिले मोठी होईपर्यंत मादी त्या अंधारात बसून राहते. तिच्या पंखांतली पिसे गळतात, तिला उडता येत नाही. नर रानभर हिंडून फळे आणतो आणि फटीतून एकेक करून तिच्या चोचीत देतो. तो आला तर ती जेवते. आला नाही तर वाट पाहते.

या झाडावरच्या धनेशांची आणखी एक रीत होती. सगळीकडचे धनेश ती पाळतात की नाही, कोण जाणे. दिवस मावळला की आपल्या झाडावर राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव घ्यायचे आणि देवाला सांगायचे, याचे भले कर. धनेशिणीला हे तिच्या आईने शिकवले होते, आणि आईला तिच्या आईने. सालीतल्या मुंग्या, खोडावरचा सरडा, फांदीला लटकलेल्या आग्यामाश्या, शेंड्यावरचे शेकरू. नावे घेऊन संपली की मग चोच पंखात घालायची.

याच झाडाच्या बुंध्यात, मुळांजवळच्या ढोलीत, एक उदमांजर राहत असे. उदमांजर दिवसा झोपते आणि दिवस मावळताना उठते. त्याच्या अंगाला शिजत्या भातासारखा वास येतो. जिथे चूल नाही, घर नाही, माणूस नाही, अशा ठिकाणी अचानक आंबेमोहोर भाताचा वास सुटला की पाखरे बोलता बोलता गप्प होतात.

मागच्या वर्षी ढोलीची भिंत अजून ओली असतानाच तो वास वर आला होता. धनेशिणीने मान वळवली तोवर एक काळा पंजा ओल्या मातीतून आत शिरला आणि तिचे एकुलते एक अंडे ओढून घेऊन गेला. तो बाहेर पडता पडता तिने त्या पंजाला चोचीत धरले आणि जोराने दाबले. खाली कोणीतरी किंचाळले. अंडे गेले. पंजाचे एक बोट तेवढे ढोलीत राहिले.

या वर्षी तिने दोन अंडी घातली. भिंत दुप्पट जाड केली. आणि संध्याकाळी नावे घेताना ती बुंध्यापाशी आली की थांबू लागली. मग अगदी हळू म्हणू लागली, "तो मरो."

धनेश बाहेर फांदीवर बसून ऐकत असे. पहिल्या दिवशी त्याने विचारले, "अगं, तळातल्याचं नाव राहिलं का?"

"राहिलं नाही. घेतलं," धनेशीण आतून म्हणाली.

धनेश मवाळ स्वभावाचा होता. त्याने चोच फांदीवर घासली आणि दुसऱ्या झाडावर झोपायला उडून गेला.

ढोलीत रात्र आणि दिवस यांत फारसा फरक नव्हता. सकाळी फटीतून उजेडाची एक काडी आत येई, भिंतीवरून सरकत जाई आणि संध्याकाळी नाहीशी होई. खोडात कुठेतरी भुंगेरे लाकूड कुरतडत असत. कधी ते वर वाटत, कधी तिच्या पाठीमागे, कधी अगदी अंड्यांच्या खाली. कान लावला की थांबत. धनेशीण अंड्यांवर बसून राही, आणि उजेडाची काडी गेली की सगळ्यांची नावे घेई, आणि शेवटी तेच म्हणे. तिला वाटे, आपला शब्द फटीतून बाहेर पडतो, सालीवरून उतरतो आणि मुळांपाशी जाऊन त्या काळ्या पंजाच्या धन्याला बरोबर शोधून काढतो.

एका संध्याकाळी तिच्या पोटाखाली टिकटिक झाली. एक अंडे तडकले. त्यातून आधी चोच बाहेर आली, मग मान. डोळे मिटलेले, अंगावर एक पीस नाही. धनेशीण आनंदाने वाकली. पिले जन्मली की चिरकतात. हे पिलू चिरकले नाही. त्याने आंधळे तोंड वर केले आणि हळूच, अगदी आईच्याच आवाजात म्हटले, "मरो."

धनेशिणीला वाटले, आपल्यालाच भास झाला. तिने त्याला पोटाशी घेतले. सकाळी उजेडाची काडी आत आली. पिलाने तिच्याकडे तोंड फिरवले आणि म्हटले, "मरो." मग ते सरपटत उरलेल्या अंड्यापाशी गेले, कवचाला चोच टेकवली आणि आत झोपलेल्या भावंडाला तोच शब्द सांगितला. रागाने नव्हे हं. त्याला राग म्हणजे काय हेही ठाऊक नव्हते. त्याला एवढाच एक शब्द येत होता.

दुपारी पंखांचा धापा टाकल्यासारखा आवाज झाला. धनेशाने पिकलेले उंबर फटीतून पुढे केले. आतून बारीक आवाज आला, "मरो." उंबर त्याच्या चोचीतून निसटले आणि कातळावर जाऊन फुटले.

तो खाली फुटलेल्या उंबराकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सकाळपासून तीन डोंगर हिंडलो मी. जेवण आणलं. लेक म्हणतो, मरो." त्याने हसायचा प्रयत्न केला, पण ते हसू काही जमले नाही. "कोणी शिकवलं गं त्याला?"

धनेशिणीने पिलाला पोटाशी ओढले. तिला उत्तर कळले होते. तिला वाटले, शब्द बाहेर गेलाच नव्हता. भिंत तिने स्वतःच दुप्पट जाड केली होती. आत म्हटलेले सगळे आतच राहिले होते. ती अंड्यांवर बसली होती, तसा तो शब्दही तिच्या शेजारी रोज अंड्यांवर बसला होता.

त्या संध्याकाळी तिने नावे घेतली. मुंग्या झाल्या, सरडा झाला, आग्यामाश्या झाल्या, शेकरू झाले. बुंध्याचे नाव आले तशी तिची जीभ जड झाली. तिला ते एकुलते अंडे आठवले. त्याची ऊब आठवली. ती म्हणाली, "देवा, तळातल्या उदमांजराचं भलं कर." मनात काही नव्हते. सुकलेले फळ चावावे तसे तिने ते म्हटले. आणि पिलाने, प्रार्थना संपल्यावर आमेन म्हणावे तसे, मागून म्हटले, "मरो."

पण एक गोष्ट घडली. खाली, खोडाच्या अगदी तळाशी, रोज या वेळी नखांची खरखर होत असे. कोणीतरी जागे होऊन अंग ताणत असे. ती खरखर मधेच थांबली. जणू कोणी कान देऊन ऐकत होते. धनेशिणीच्या मानेवरची पिसे उभी राहिली.

दुसऱ्या संध्याकाळी तिने पुन्हा म्हटले. पुन्हा खरखर थांबली. रोज हेच होऊ लागले. ती म्हणे, पिलू "मरो" म्हणे, आणि खाली काहीतरी स्तब्ध होई. दुसरे अंडेही फुटले. त्यातले पिलू मुके होते की काय, कोण जाणे. ते नुसते ऐकत राही.

मग एप्रिलात समोरच्या डोंगरावर वणवा लागला.

आधी वास आला, मग धूर. सूर्य दुपारीच तांबडा झाला आणि कोणाच्या तरी सुजलेल्या डोळ्यासारखा आभाळात लटकून राहिला. फटीतून राख आत येऊ लागली, अगदी हलकी, न वाजणारी. आग्यामाश्या एका झटक्यात उठून गेल्या. शेकरू शेंड्यावरून उतरले. ते फटकळ होते. जाता जाता फटीशी थांबून म्हणाले, "बाई, स्वतःला लिंपून घ्यायची फार हौस ना तुम्हाला? आता या भिंतीलाच सांगा, पाणी आण म्हणून." मग त्याचे त्यालाच वाईट वाटले असावे. ते क्षणभर तिथेच घुटमळले, आणि मग उडी मारून गेले.

धनेश त्या सकाळी दरीपलीकडे उंबर आणायला गेला होता. दरीतून धुराची भिंत उभी राहिली. तो आला नाही.

आग कातळापर्यंत आली. कातळावर जळायला काही नव्हते, म्हणून ती दोन्ही बाजूंनी वळून पुढे गेली. झाड वाचले. पण त्यानंतर जी शांतता झाली, तशी शांतता धनेशिणीने कधी ऐकली नव्हती. पाखरू नाही, किडा नाही. खोडातले भुंगेरेही थांबले होते. पिले चोची उघडून बसली होती. तिने ढोलीच्या तळाशी शोधले. वाळलेल्या बिया होत्या. त्या पिलांना गिळता आल्या नसत्या. भिंत फोडावी, तर तिच्या पंखांत पिसे नव्हती. ती उडू शकली नसती, आणि दार मात्र उघडे पडले असते.

उजेडाची काडी दिसेनाशी झाली. दिवस मावळला की धूर दाटला, हे कळायला मार्ग नव्हता. तिने नावे घेतली. जे निघून गेले होते त्यांचीही घेतली. "आमचे घरधनी असतील तिथं त्यांचं भलं कर," ती म्हणाली. मग बुंधा आला. ती थांबली. तिला पहिल्यांदाच असे वाटले, की खाली जमिनीलगत धूर जास्त असेल. चार बोटांच्या पंजाने तापल्या कातळावर चालवत नसेल. कोणी त्याला विचारायला नसेल. "देवा," ती म्हणाली, "त्याच्या डोळ्यांना धूर लागत असेल. त्याचं भलं कर."

मोठ्या पिलाने या वेळी काहीच म्हटले नाही. भुकेने त्याला ग्लानी आली होती.

तेव्हा भाताचा वास आला.

जळक्या रानात, राखेच्या वासातून, कोणी चुलीवर आंबेमोहोर शिजत घातल्यासारखा. आधी पुसट, मग दाट. सालीवर नखे वाजली. एकदा, मग थांबून पुन्हा. चार नखे वाजत आणि पाचव्याच्या जागी काहीच वाजत नसे. ती चाल धनेशिणीला अंधारातही ओळखता आली असती. आवाज वर आला आणि भिंतीच्या पलीकडे थांबला.

"कोण?" ती म्हणाली.

उत्तर नाही. फक्त श्वास. तोंड मिटून कोणी नाकाने घेतो तसा, जड, ओला श्वास.

"कोण आहे?"

फट अंधारली. तो काळा पंजा आत आला. त्याने भिंत चाचपली. मग हवा चाचपली. खाली दोन चोची उघड्या होत्या. धनेशिणीने एका झटक्यात पंजा चोचीत धरला.

मागच्या वेळी कोणी किंचाळले होते, खेचले होते. या वेळी पंजा तसाच राहिला. ओढून घेतला गेला नाही. बाहेर श्वास चालू होता. धनेशिणीने चोच आवळली. आणखी थोडे दाबले असते तर हाड मोडले असते, आणि मग तो पंजा कधी कोणाच्या ढोलीत शिरला नसता.

तेवढ्यात तिच्या पोटाखालून, अंधारातून, तिचाच आवाज आला. "भलं कर."

तिने खाली पाहिले. मोठे पिलू मान वर करून बसले होते. तोंड पंजाकडे होते. त्याला आता दोन शब्द येत होते, आणि त्याने हा निवडला होता. "भलं कर," ते पुन्हा म्हणाले.

धनेशिणीने चोच उघडली.

पंजा बाहेर गेला. क्षणभर फटीत तांबूस उजेड आला. मग तिथे काहीतरी गोल येऊन अडकले, पंजाने त्याला आत ढकलले, आणि ते तिच्या पायाशी टपकन पडले. उंबर होते. दातांच्या खुणा असलेले, पण अख्खे. मग दुसरे आले. मग तिसरे.

तोंड रिकामे झाल्यावर उदमांजर बोलले. त्याचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. घोगरा होता, आणि थोडा लाजरा.

"ओढ्याकाठच्या उंबराची एकच फांदी राहिली आहे. उद्या आणखी बघतो."

धनेशीण उंबरे पिलांपुढे सरकवत म्हणाली, "पंजा ओढून का घेतला नाहीस?"

"तुझा हक्क होता."

"आणि हे कशाला आणलंस?"

बाहेर नखांनी साल खरवडल्याचा आवाज झाला. "खोड आतून पोकळ आहे, बाई," उदमांजर म्हणाले. "तू वर बोलतेस ते खाली सगळं ऐकू येतं. रोज जाग यायची ती त्या शब्दानं. कोण बोलतंय दिसायचं नाही. अंधारातून नुसता आवाज यायचा, मरो. मी कान पंजात घालून पडून राहायचो. मग एक दिवस दुसरंच काही ऐकू आलं. मला वाटलं, चुकून आलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम लवकर जागा झालो." ते थांबले. "हुसकावण्यासाठी सोडून माझं नाव कोणी घेत नाही."

ढोलीत पिलांचा उंबराचा गर चोखल्याचा आवाज येत होता. धनेशीण म्हणाली, "भिंत फोडू का? पिलं बघतोस?"

"नको," उदमांजर घाईने म्हणाले. "खोटं कशाला बोलू? मला त्यांचा वास येतो. म्हणून तर पंजाच आत घातला, तोंड नाही. तू भिंत राहू दे. फक्त संध्याकाळचं ते बंद करू नकोस." आणि नखे वाजवत ते खाली उतरून गेले.

ते दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्या दिवशीही आले. दुखऱ्या पंजामुळे ते लंगडत होते, म्हणून चढायला वेळ लागे. धनेशीण कान लावून बसे, आणि ज्या वासाने तिचे रक्त गोठत असे, त्या वासाने आता पिलांच्या चोची उघडत.

मग एका संध्याकाळी दरीतून धनेश आला. उडत नव्हे, चालत. त्याचा एक पंख होरपळला होता. या दगडावरून त्या दगडावर, जळक्या खोडांवरून उड्या मारत तो आला होता, आणि सबंध वाटेत त्याने गळ्यात चार उंबरे जपून ठेवली होती. तो बुंध्याशी पोहोचला आणि जागीच उभा राहिला. सालीवर खालपासून फटीपर्यंत ताजे ओरखडे होते. सगळीकडे शिजत्या भाताचा वास भरला होता. तळातल्या ढोलीत उदमांजर पाय पोटाशी घेऊन झोपले होते, आणि त्याच्या मिशांना गर लागला होता.

धनेशाला जे वाटायचे तेच वाटले. मवाळ स्वभावाच्या त्या पक्ष्याने आपली मोठी चोच वर उचलली.

तेव्हा खोड बोलू लागले. आतून, पोकळीतून, जमिनीतून आल्यासारखा आवाज आला. एक नव्हे, तीन आवाज, एकाच सुरात, मुके वाटलेल्या धाकट्याचाही. मुंग्यांचं भलं कर. सरड्याचं भलं कर. फटकळ शेकरू जिथं गेलं असेल तिथं त्याचं भलं कर. आमच्या घरधन्याचं, असतील तिथं, भलं कर. मग क्षणभर थांबून, तळातल्या उदमांजराचं भलं कर.

धनेशाची चोच तशीच वर राहिली. मग हळूहळू खाली आली. झोपेतच उदमांजराने कान टवकारले होते, आणि आपले नाव झाल्यावर ते पुन्हा सैल पडले.

तो एकेक फांदी चढत फटीशी गेला. आतून मोठ्या पिलाने तोंड पुढे केले आणि म्हटले, "भलं कर."

"काय रे," धनेश म्हणाला. "आज मरो नाही का म्हणत?"

त्याने एक उंबर धनेशिणीला दिले, एक मोठ्या पिलाला, एक धाकट्याला. चौथे त्याने चोचीत धरून ठेवले. तो पुन्हा एकेक फांदी उतरत खाली गेला, झोपलेल्या उदमांजराच्या ढोलीच्या उंबरठ्यावर ते उंबर हळूच ठेवले, आणि अंधार पडायच्या आत परत वर आला.

तात्पर्य : वैऱ्याला दिलेला शाप वैऱ्यापर्यंत पोहोचण्याआधी आपल्याच घरात राहायला येतो आणि आपल्या लेकरांच्या तोंडी बसतो. म्हणून प्रभू येशूने शिकवले तसे, ज्याने आपले वाईट केले त्याचेही नाव प्रार्थनेत घ्यावे आणि त्याचे भले मागावे, आधी मन लागत नसले तरी.